पेशींतील श्रीगणेशा

नांदेडहून उत्तरेकडे हदगांवच्या वाटेनें जाऊं लागलें म्हणजे थेट पैनगंगेच्या तीरापर्यंत दुतर्फा काळीभोर जमीन पसरलेली दिसते. सोयाबीन, तूर, हळद हीं पिकें तेथें आहेत. पण या मातीचें जुनें नातें कापसाशीं आहे. नांदेडच्या परिसरांतील गावरानी कापूस एके काळीं हैदराबाद संस्थानाबाहेरही नांवाजलेला होता. पुढें १९८४ सालीं नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्रांतून निघालेला एनएचएच-४४ हा संकरित वाण शेतकऱ्यांच्या तोंडीं बसला. दसरा-दिवाळीच्या सुमारास या रानांत बोंडें फुटूं लागतात, तेव्हां पाहणाऱ्यास वाटतें कीं, कापूस तो कापूस. आजोबांच्या वेळचा काय नि आजचा काय! परंतु २००२ सालापासून या झाडांत एक मोठा फरक पडत गेला, आणि तो डोळ्यांना दिसत नाहीं. आज आपल्या देशांत लावल्या जाणाऱ्या बहुतेक सर्व कपाशीच्या पानांत, पात्यांत व बोंडांत एक असें प्रथिन तयार होतें, कीं जें पूर्वीच्या कोणत्याही कपाशीनें कधीं केलें नव्हतें. तें करण्याची कृति मातींत राहणाऱ्या एका सूक्ष्म जंतूकडून घेतलेली आहे.

येथें विचारी माणसास सहज प्रश्न पडतो. जंतु कोठें आणि कपाशीचें झाड कोठें! जंतूनें लिहिलेलें झाडाला वाचतां कसें आलें? या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेल्यास सजीव सृष्टींतील दोन गोष्टी एकदम हातीं लागतात. पहिली ही कीं, सर्व सजीवांची लिपि जवळजवळ एकच आहे. दुसरी ही कीं, लिपि एक असली तरी वाचनास आरंभ कोठून करावा, याची खूण मात्र घराण्यागणिक निराळी आहे. पहिली गोष्ट लोकांच्या बोलण्यांत वारंवार येते. दुसरी क्वचितच येते, आणि खरें काम तर दुसरीवरच अडतें. म्हणून आजच्या भाषणांत या आरंभाविषयीं, पेशीच्या कारभारांतील श्रीगणेशाविषयीं, चार शब्द सांगण्याचें मीं योजिलें आहे.

प्रथिन म्हटलें कीं आपल्या मनांत डाळ, दूध व अंडीं उभीं राहतात. पण शरीरांत प्रथिनांचा व्याप याहून फार मोठा आहे. रक्तांतून प्राणवायु वाहून नेणारें हिमोग्लोबिन हें प्रथिन आहे, अन्न पचविणारे पाचकरस प्रथिनांचे आहेत, आणि स्नायु आकुंचन पावतात तेही प्रथिनांच्याच बळावर. प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक माळ असते. मण्यांचे प्रकार अवघे वीस. परंतु कोणता मणी कोणत्या मण्यामागें ओंवला आहे, यावर त्या माळेची घडी व तिचें काम अवलंबून असतें. हा क्रम पेशीला कोण सांगतें? तो जनुकांत लिहून ठेवलेला असतो.

जनुकें ज्या पदार्थाचीं बनलेलीं आहेत त्याला डीएनए म्हणतात. त्यांत चार रासायनिक अक्षरें आहेत: ए, टी, जी व सी. मनुष्याच्या, पशूंच्या आणि वनस्पतींच्या पेशींत हा दस्तऐवज केंद्रकांत जपून ठेवलेला असतो. तलाठ्याच्या दप्तरांतील मूळ कागद जसा बाहेर जात नाहीं, मागणाऱ्यास नक्कल मिळते, तसेंच येथेंही घडतें. हव्या त्या जनुकाची नक्कल आरएनए नांवाच्या पदार्थांत उतरविली जाते. या नकलेंत टीच्या जागीं यू हें अक्षर येतें, एवढाच लिपींतला भेद. ती नक्कल केंद्रकाबाहेर येते आणि रायबोसोम नांवाचें एक अतिसूक्ष्म यंत्र तिचें वाचन करीत करीत मण्यामागून मणी ओंवूं लागतें. मणी आणून देण्याचें काम वाहक आरएनए नांवाचे रेणु करतात. प्रत्येक वाहकाच्या एका टोंकाशीं त्याचें ठराविक अमिनो आम्ल असतें आणि दुसऱ्या बाजूस तीन अक्षरांची एक खूण असते. ती खूण नकलेंतील तीन अक्षरांशीं जुळली कीं मणी जागेवर बसतो.

म्हणजे या लिपींत प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा आहे. चार अक्षरांतून तीन-तीन अक्षरांचे शब्द करूं गेल्यास चौसष्ट शब्द होतात. त्यांपैकीं एकसष्ट शब्द वीस अमिनो आम्लांपैकीं कोणत्या ना कोणत्या आम्लाचें नांव सांगतात, आणि उरलेले तीन शब्द ‘येथें थांबा’ असें सांगतात. एकाच आम्लाला पुष्कळदां दोन, चार किंवा सहा नांवें असतात. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. कपाशीच्या कथेंत ती पुढें उपयोगीं पडणार आहे.

आतां अडचण पाहा. आपल्यापैकीं ज्यांनीं जुने मोडी कागद हाताळले असतील त्यांना ही अडचण चटकन्‌ उमगेल. मोडी लिहिणारा आधीं आडवी रेघ ओढून घेई आणि तिच्याखालीं अक्षरें लिहीत जाई. शब्दाशब्दांत अंतर नसे, विरामचिन्ह नसे. वाचणाऱ्यानेंच शब्द पाडावयाचे. पेशींतील नक्कल नेमकी अशीच सलग असते. हजारों अक्षरें एकापुढें एक चाललेलीं असतात, आणि कोठें तोडावें याची खूण मध्यें कोठेंच नसते. एक साधें वाक्य घेऊं: ‘मदन कापूस विकत बसला’. यांतील प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा आहे. शब्दांतील अंतर काढून टाका आणि वाचावयास पहिल्या अक्षराऐवजीं दुसऱ्या अक्षरापासून आरंभ करा. ‘दनका पूसवि कतब’ असें कांहींतरी हातीं येईल. तिसऱ्या अक्षरापासून आरंभ केला तर ‘नकापू सविक तबस’! अक्षरें तींच, क्रमही तोच. पण आरंभ एका अक्षरानें चुकला आणि सगळा अर्थ बुडाला.

हें केवळ उपमेपुरतें नाहीं. फ्रान्सिस क्रिक, सिडने ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६१ सालीं केंब्रिज येथें जंतूंवर जगणाऱ्या एका विषाणूच्या जनुकावर प्रयोग करून हीच गोष्ट सिद्ध केली. जनुकांत एक अक्षर अधिक घुसलें कीं जनुक निकामी होई. दोन घुसलीं तरी निकामी होई. परंतु जवळजवळ तीन अक्षरें घुसलीं कीं पुष्कळदां तें पुन्हां कामाला लागे. तीन अक्षरें वाढलीं म्हणजे एक शब्द तेवढा अधिक होतो व पुढील वाचन मूळ वळणावर येतें. एका ठराविक जागेपासून आरंभ करून पेशी तीन-तीन अक्षरें मोजीत जाते, असा या प्रयोगाचा निष्कर्ष होता.

त्याच वर्षीं अमेरिकेंत मार्शल निरेनबर्ग व हाइनरिख माथाई यांनीं या कोशांतील पहिला शब्द उलगडला. त्यांनीं नुसत्या यू अक्षरांची एक कृत्रिम नक्कल परीक्षानळींत घातली, आणि फेनिलअलानिन या एकाच आम्लाची माळ तयार झाली. अर्थात्‌ यू-यू-यू म्हणजे फेनिलअलानिन. पुढें अविभक्त पंजाबांत रायपूर नांवाच्या खेड्यांत जन्मलेले हरगोविंद खुराणा यांनीं ठरविलेल्या क्रमाचीं अक्षरें जोडून अनेक शब्दांचे अर्थ पक्के केले. निरेनबर्ग, खुराणा आणि रॉबर्ट हॉली या तिघांना १९६८ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. यांत एक मौज आहे. निरेनबर्गच्या त्या नकलेंत आरंभाचा शब्द मुळींच नव्हता. परीक्षानळींत मॅग्नेशियमचें प्रमाण जास्त होतें, आणि तशा स्थितींत रायबोसोम आरंभाच्या खुणेवांचूनही वाचूं लागतो. जिवंत पेशींत मात्र असा बेशिस्तपणा चालत नाहीं.

जिवंत पेशींत आरंभाचा शब्द ठरलेला आहे: ए-यू-जी. याचा अर्थ मेथिओनिन हें अमिनो आम्ल. म्हणून बहुतेक प्रत्येक माळेचा पहिला मणी मेथिओनिनचा असतो. पुढें पुष्कळदां तो काढूनही टाकला जातो. परंतु एवढ्यानें प्रश्न सुटला असें समजूं नये. मेथिओनिन माळेच्या मध्येंही येतें, आणि तेथेंही तोच ए-यू-जी हा शब्द असतो. शिवाय लांबलचक नकलेंत या तीन अक्षरांची जुळणी निव्वळ योगायोगानेंही ठिकठिकाणीं झालेली असते. तेव्हां यांतला आरंभाचा कोणता आणि बाकीचे कोणते, हें रायबोसोमनें ओळखावें कसें?

येथें सजीवांचीं दोन घराणीं वेगळीं होतात. पहिल्यानें आपल्या घराण्याची रीत पाहूं. माणूस, गाय, बुरशी, कपाशीचें झाड हे सारे या बाबतींत एकाच कुळांतले आहेत.

केंद्रकांत नक्कल तयार होत असतांनाच तिच्या पुढच्या टोंकावर एक रासायनिक आवरण चढविलें जातें. शास्त्रज्ञ त्याला टोपी म्हणतात. आपण हवें तर पागोटें म्हणूं. पागोटें पाहिलें कीं पेशींतील कांहीं प्रथिनें तें ओळखून धरतात आणि पुढचा गुंता सोडवून वाट मोकळी करतात. रायबोसोमचे दोन भाग असतात, एक लहान व एक मोठा, आणि काम नसतां ते वेगवेगळे असतात. त्यांपैकीं लहान भाग मेथिओनिनचा खास आरंभ-वाहक आधींच बरोबर घेऊन या पागोट्यापाशीं नकलेवर चढतो. मग तो अक्षर-अक्षर चाचपीत पुढें सरकूं लागतो. या वेळीं तो मणी ओंवीत नसतो. केवळ शोध करीत असतो. वाटेंत पहिला ए-यू-जी लागला आणि त्याचा शेजार अनुकूल असला, म्हणजे तीन अक्षरें अलीकडे ए किंवा जी असलें व लगेच पुढें जी असलें, कीं वाहकाची खूण त्या शब्दाशीं जुळते आणि लहान भाग तेथें थबकतो. साहाय्यक प्रथिनें बाजूस होतात, मोठा भाग वरून येऊन बसतो, यंत्र पुरें होतें, आणि दुसऱ्या मण्याचा वाहक आंत येतो. तेथून पुढें तीन-तीन अक्षरांची चाल सुरू होते, ती थांबण्याचा शब्द येईपर्यंत. चाचपत पुढें जाण्याची ही कल्पना मेरिलिन कोझॅक या संशोधक बाईंनीं १९७८ सालीं मांडली व नंतरच्या वर्षांत अनुकूल शेजाराचे नियमही शोधून काढले.

एका आरंभासाठीं दहा-बारा साहाय्यक प्रथिनें राबतात आणि पेशीची शक्तिही खर्ची पडते. एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी म्हणेल. पण शहाणा कारभारी खर्चाला आळा घालतो तो काम सुरू होण्यापूर्वींच. अर्धें झालेलें काम टाकून देण्यांत दुप्पट नुकसान असतें. पेशीचेंही तसेंच आहे. अन्न अपुरें पडलें किंवा विषाणु शिरला कीं ती आरंभ-वाहकाची वाट रोखून धरते, आणि प्रथिनें करण्याचें काम पुष्कळ अंशीं मूळांतच थांबतें.

आतां जंतूंचें घराणें पाहूं. जंतूंना केंद्रक नाहीं, आणि त्यांच्या नकलेला पागोटेंही नाहीं. इतकेंच नव्हे, तर त्यांच्या एकाच लांब नकलेंत पुष्कळदां दोन, चार, दहा प्रथिनांच्या कृति एकामागून एक लिहिलेल्या असतात. अशा ठिकाणीं टोंकापासून चाचपत जाऊन पहिला ए-यू-जी गांठण्याची रीत चालणार नाहीं. पहिली कृति वाचली जाईल आणि बाकीच्या पडून राहतील. आपल्याकडील पोथ्या आठवा. पोथींत अध्याय अनेक असले तरी प्रत्येक अध्यायाच्या आरंभीं ‘श्रीगणेशाय नमः’ असतेंच, म्हणून पोथी कोठेंही उघडली तरी अध्यायाची सुरुवात सांपडते. जंतूंनीं हीच युक्ति केली आहे. प्रत्येक कृतीच्या ए-यू-जीपूर्वीं थोड्याच अक्षरांच्या अंतरावर ए आणि जी यांनीं भरलेला एक छोटा मंगलाचरणाचा तुकडा असतो. रायबोसोमच्या लहान भागांतील आरएनएच्या शेपटीला या तुकड्याशीं जुळणारीं अक्षरें आहेत. तीं एकमेकांस बिलगलीं कीं रायबोसोम थेट आरंभाच्या शब्दावर येऊन बसतो. ऑस्ट्रेलियांतील जॉन शाइन व लिन डालगार्नो यांनीं १९७४ सालीं ही जुळणी दाखवून दिली, आणि त्यांच्याच नांवानें ती आज ओळखली जाते.

जंतूंची आणखी एक लकब सांगण्यासारखी आहे. त्यांच्या पहिल्या मेथिओनिनवर फॉर्मिल नांवाचा एक लहानसा रासायनिक शिक्का असतो. आपल्या पेशींच्या मुख्य कारभारांत तो नसतो. आपल्या रक्तांतील पांढऱ्या पेशी या शिक्क्याचा माग काढीत जंतूंवर चाल करून जातात. शत्रूचा सुगावा त्याच्या आरंभाच्या अक्षरावरून लागावा, हें निसर्गाचें केवढें चातुर्य!

वाचनाचें हें यंत्र दिसतें कसें, हें फार दिवस कोणास ठाऊक नव्हतें. चिदंबरम्‌ येथें जन्मलेले व बडोद्याच्या विद्यापीठांत शिकलेले वेंकटरामन्‌ रामकृष्णन्‌ यांनीं रायबोसोमच्या लहान भागाची रचना अणुशः उकलली. थॉमस स्टाइट्झ व आदा योनाथ यांच्यासह त्यांना २००९ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

इतकी तयारी झाल्यावर आतां पुन्हां कपाशीकडे येऊं. ज्या जंतूचें जनुक कपाशींत घातलें त्याचें नांव बॅसिलस थुरिंजिएन्सिस. त्याचींच आद्याक्षरें घेऊन लोक ‘बीटी’ म्हणतात. जपानांत १९०१ सालीं इशिवाता नांवाच्या शास्त्रज्ञास तो रोगट रेशीमकिड्यांत सांपडला. पुढें जर्मनींतील थुरिंजिया प्रांतावरून त्याला आजचें नांव मिळालें. हा जंतु एक स्फटिकरूप प्रथिन तयार करतो. अळीच्या पोटांतील क्षारयुक्त रसांत तें विरघळतें, त्याचे तुकडे होतात, आणि त्यांतील विषारी तुकडा आंतड्याच्या अस्तरावरील ठराविक प्रथिनांस चिकटून तेथें छिद्रें पाडतो. अळीचें खाणें सुटतें व ती मरते. माणसाच्या जठरांतला रस आम्ल आहे आणि आपल्या आंतड्यांत तीं चिकटण्याचीं ठिकाणेंही नाहींत.

हें जनुक जसेंच्या तसें वनस्पतीच्या पेशींत घातलें तेव्हां काय झालें? लिपि एक असल्यामुळें वनस्पतीला तें वाचतां आलें खरें, पण प्रथिन निघालें अत्यल्प. अळीला दाद न देण्याइतकें. असें होण्याचें कारण म्हणजे मजकूर जंतूचा होता आणि घर झाडाचें होतें. तेव्हां शास्त्रज्ञांनीं त्या जनुकाला झाडाच्या घरचा पेहराव चढविला. नकला भरपूर निघाव्यात म्हणून त्याच्यापुढें फुलकोबीवरील एका विषाणूचा, वनस्पतींना मानवणारा, नक्कल सुरू करणारा तुकडा जोडला. अशी नक्कल वनस्पतीच्या केंद्रकांत निघते, म्हणून तिला वनस्पतीचेंच पागोटें मिळतें. जंतूच्या मंगलाचरणाची तेथें कांहीं मातब्बरी उरत नाहीं. पागोट्यापासून निघालेल्या रायबोसोमला वाटेंत दुसरा कोठला ए-यू-जी आडवा न येतां कृतीचाच आरंभ प्रथम लागावा, ही काळजी अशा प्रत्येक कामांत घ्यावी लागते. राहतां राहिला मजकूर. जंतूच्या लिखाणांत ए आणि टी यांची भरमार होती, आणि त्यामुळें कित्येक ठिकाणीं झाडाला ‘नक्कल येथें संपली’ असा भास होण्याजोगे तुकडे तयार झाले होते. एका आम्लाला अनेक नांवें असतात हें मघां सांगितलेंच आहे. त्याचा फायदा घेऊन अर्थ न बदलतां शब्द बदलले. हें काम १९९१ सालीं प्रसिद्ध झालें, आणि अशा फेरलिखित जनुकानें वनस्पतींत प्रथिनाचें प्रमाण शंभर पटींपर्यंत वाढलें.

अमेरिकेंत १९९६ सालीं ही कपाशी शेतांत आली. आपल्या देशांत तिला आणण्यांत मराठवाड्याचा हात आहे. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं जालना येथें स्थापिलेल्या महिको या बियाणें कंपनीनें अमेरिकन मोन्सॅंटो कंपनीच्या सहकार्यानें बीटीचे तीन संकरित वाण तयार केले, आणि २६ मार्च २००२ रोजीं केंद्र सरकारच्या समितीनें त्यांस परवानगी दिली. दोन विषारी प्रथिनें असलेली दुसरी पिढी २००६ सालीं आली.

याच विद्येचा उलटा प्रवास आपल्यापैकीं कित्येकांच्या घरांत रोज चालू आहे. मधुमेहाच्या रोग्यांस लागणारें इन्सुलिन पूर्वीं डुकरांच्या व गायीगुरांच्या स्वादुपिंडांतून काढीत. १९७८ सालीं अमेरिकेंत तें प्रथमच जंतूंकडून करवून घेतलें गेलें. तेथें अडचण बरोबर उलट होती: मजकूर माणसाचा आणि घर जंतूचें. तेव्हां इन्सुलिनची कृति जंतूच्याच एका प्रथिनाच्या कृतीला जोडून दिली. जंतूनें आपल्या नेहमींच्या खुणेवरून आरंभ केला आणि वाचतां वाचतां माणसाचा मजकूरही वाचून टाकला. मग दोहोंमधील जोड रासायनिक रीतीनें तोडून इन्सुलिनचे भाग वेगळे केले. आपल्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरांत, वोकहार्ट कंपनीनें २००३ सालीं इन्सुलिन बाजारांत आणलें, तें यीस्टच्या पेशींकडून करवून घेतलेलें होतें. यीस्ट ही बुरशीच्या कुळांतली, म्हणजे आरंभाच्या बाबतींत आपल्याच घराण्यांतली.

आरंभाचें हें एवढें महत्त्व खरोखरच आहे काय, अशी शंका कोणास असेल तर त्यानें थॅलसेमिया या रोगाकडे पाहावें. या रोगाची कारणें अनेक आहेत. त्यांपैकीं एक विरळें कारण असें कीं, हिमोग्लोबिनच्या एका माळेच्या जनुकांत आरंभाच्या ए-यू-जीचेंच एखादें अक्षर बदललेलें असतें. पुढचा सगळा मजकूर शाबूत असतो, शेंकडों अक्षरें जागच्या जागीं असतात; पण वाचणारा दारावरून पुढें निघून जातो, आणि त्या जनुकाकडून ती माळ तयारच होत नाहीं. आईबाप दोघांकडूनही असें बिघडलेलें जनुक आलें तर त्या बालकास जन्मभर दुसऱ्याच्या रक्तावर जगावें लागतें. एका अक्षराची ही किंमत आहे.

आतां शेवटची आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वाचनांतील बिघाड हें रोगाचें कारण होतें, तसेंच तें एखाद्या प्राण्याच्या बचावाचेंही साधन होऊं शकतें. शेंदरी बोंडअळी ही कपाशीची जुनी वैरीण. ती बोंडाच्या आंत शिरून सरकी खाते. फुलांत शिरली तर पाकळ्या एकमेकींस चिकटून फूल उमलत नाहीं, त्याला शेतकरी डोमकळी म्हणतात. पहिल्या पिढीच्या बीटी कपाशीला या अळीनें दाद देणें सोडल्याचें २०१० सालीं गुजरातेंतील चार जिल्ह्यांबाबत जाहीर झालें. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत अशा भारतीय अळ्यांचीं जनुकें तपासलीं, तेव्हां मोठा विलक्षण प्रकार आढळला. विष ज्या प्रथिनाला चिकटतें, त्या कॅडहेरिन नांवाच्या प्रथिनाच्या नकलाच या अळ्यांत बिघडलेल्या होत्या. केंद्रकांतून बाहेर पडण्यापूर्वीं नकलेंतले निरुपयोगी तुकडे कापून उरलेले सांधावयाचे असतात; ती कापाकापी भलत्याच जागीं झाली होती. त्यामुळें कित्येक नकलांत आरंभ ठीक असूनही मध्येंच ‘थांबा’ हा शब्द येई आणि प्रथिन अपुरें राही. विषाला धरावयास जागाच उरली नाहीं! माणसानें जंतूचें लिखाण झाडाला वाचावयास शिकविलें. अळीनें आपलें लिखाण फाडून त्याला उत्तर दिलें. म्हणजे विद्या तीच होती, फक्त या वेळीं ती निसर्गाच्या निवडीनें चालली.

दुसऱ्या पिढीच्या कपाशीचाही पुढें तोच अनुभव आला, आणि २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांतील कापूसपट्ट्यांत शेंदरी अळीनें हाहाकार केला. त्याच हंगामांत पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्यांत कीटकनाशकांच्या फवारणींतून विषबाधा होऊन वीसांवर माणसें दगावलीं. पैनगंगेचा प्रवाह जिल्ह्यांची हद्द दाखवितो. पतंगाला ती हद्द ठाऊक नसते.

अळीची ही तयारी लांबविण्याचे उपाय आधींच सांगितलेले होते. कडेनें बिनबीटी कपाशीच्या कांहीं ओळी लावाव्या, म्हणजे तेथें विषाला बळी पडणारे पतंग वाढतील आणि प्रतिकारक पतंगांशीं त्यांचा संकर होऊन पुढची पिढी पुन्हां विषाला बळी पडेल. बिघडलेलें जनुक दोन्हीं बाजूंनीं आल्याखेरीज असा प्रतिकार पुरता येत नाहीं, हें त्यामागचें शास्त्र. परंतु बियाण्याच्या पाकिटासोबत येणारी ती लहान पुडी पुष्कळ ठिकाणीं पेरलीच गेली नाहीं. ज्याला पोटापुरतें चार-पांच एकर रान आहे, त्याला अळीसाठीं ओळी सोडा असें सांगणें सोपें, त्यानें तें करणें कठीण. त्यांतून फरदड घेऊन पीक उन्हाळ्यापर्यंत लांबविलें कीं अळीची पुढची पिढी आयती पोसली जाते. म्हणून आज कृषिखातें व विद्यापीठें सांगतात तो मार्ग साधाच आहे: कामगंध सापळे लावून पतंगांवर नजर ठेवावी, डोमकळ्या तोडून नष्ट कराव्या, डिसेंबरअखेर पीक संपवावें आणि पऱ्हाटी रानांत उभी ठेवूं नये.

श्रोतेहो, जनुकांविषयीं आपल्या समाजांत दोन टोंकांचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, निसर्गाची लिपि हातीं आली, आतां कांहींही लिहितां येईल. दुसरा पक्ष जंतूचें जनुक म्हणतांच दचकतो. दोघांनींही हा आरंभाचा धडा वाचण्यासारखा आहे. पहिल्यानें ध्यानांत घ्यावें कीं, नुसती अक्षरें ठाऊक असून भागलें नाहीं; ज्या घरांत लिहावयाचें त्या घराची रीत शिकावी लागली, आणि तेवढें करूनही त्या घराबाहेर वाचणारे व खोडणारे दुसरे होतेच. दुसऱ्यानें ध्यानांत घ्यावें कीं, जी लिपि जंतूची तीच कपाशीची आणि तीच आपली आहे. तिच्यांत परकें असें फार थोडें आहे. यंदाच्या हंगामांत हदगांवच्या रानांत बोंडें फुटतील, तेव्हां प्रत्येक पानाच्या प्रत्येक पेशींत लाखों रायबोसोम आपापला पहिला ए-यू-जी शोधीत असतील. त्यांच्या त्या बिनचूक आरंभावर शेतकऱ्याचें पीक उभें आहे, आणि त्याच्या पिकावर आपल्या अंगावरचें वस्त्र. एवढी जाणीव आपणां शहरवासीयांस झाली, तर कापसाच्या भावाची बातमी वाचतांना आपण ती थोडी अधिक आस्थेनें वाचूं, अशी आशा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.